सहा महिन्यांनी दाखवा

३ फेब्रुवारी

ताई,

गुडघ्याला शेक दे म्हणालो तर तू लिहितेस, दाताच्या डॉक्टरने गुडघ्यात नाक खुपसू नये. गुडघा कुठे असतो एवढं आम्हालाही शिकवतात. शेक दे.

एक विचारायचं होतं. तुरुंगाचं काम सोडावं म्हणतो. आठवड्याची एक सकाळ त्यात जाते. तिथली खुर्ची तुला सांगितली होती ना, पाठ खाली न्यायची तर एका शिपायाला मागे उभं राहून ती धरावी लागते. दिव्याचं तसंच, मनात आलं तर लागतो. तीन वर्षं केलं, आता पुरे. तुझी भावजय म्हणते, "आधी ताईंना विचारा, मागाहून माझ्यावर खापर नको." म्हणून विचारतो. अधीक्षकांशी अजून बोललेलो नाही.

बाकी सगळं ठीक. तुझं मत लवकर कळव.

छोट्या

६ फेब्रुवारी

छोट्या,

पन्नाशी उलटली तरी तुला खोटं बोलायला जमत नाही. लहानपणी बरणी फोडलीस की आधी येऊन सांगायचास, "ताई, तुझी वेणी आज छान दिसते." आज माझा गुडघा आठवला.

मीही पेपर वाचते. ज्याने माझी लेक जाळली त्याचा दयेचा अर्ज फेटाळला. पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला फाशी. इकडच्या तुरुंगात फाशीची सोय नाही म्हणून त्याला तुमच्या तुरुंगात हलवलं. सगळं छापून आलंय, फोटोसकट. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुला खुर्ची मोडकी वाटायला लागली.

तो तुझ्यासमोर आला. हो ना?

काम सोडू नकोस. काय पाहिलंस ते सगळं लिही. फोन करू नकोस, त्या दिवसापासून मी फोन उचलत नाही हे तुला माहीत आहे. कागदावर असलं की मला दोनदा वाचता येतं.

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

हो. आला.

मी मुद्दाम पाहायला गेलो नव्हतो. तिथे कैदी नंबराने येतात. डावा जबडा इतका सुजला होता की डोळा अर्धा मिटलेला, तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. मी नेहमीसारखं विचारलं, किती दिवस दुखतंय, गरम लागतं की गार. मग तो थुंकायला बेसिनकडे वळला आणि मला त्याची मान दिसली. कोर्टात दीड वर्ष मी त्याच्या मागच्या बाकावर बसायचो. त्याचा चेहरा मला कधी नीट आठवत नाही, पण मान पाठ आहे.

त्याने मला ओळखलं नाही. तोंडावर मास्क, आणि मामाचं आडनाव वेगळं.

डावीकडची खालची दाढ मुळापर्यंत किडलीय. खाली पू, अंगात सणसणून ताप. गोळ्या लिहून दिल्या आणि येत्या शुक्रवारी बोलावलं. निघताना अधीक्षकांनी खोलीत बोलावलं. म्हणाले, "डॉक्टर, हा माणूस तुम्ही मला बरा करून द्या. ताप असलेल्याला फाशी देता येत नाही, नियम आहे. वरून रोज फोन येतो, कसा आहे म्हणून. माझ्या सासऱ्यांची एवढी चौकशी मी कधी केली नव्हती." आणि हसले. माणूस वाईट नाही. टेकीला आलाय.

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं की मी मुलीचा मामा आहे, मला यातून मोकळं करा. सांगितलं नाही. का, ते विचारू नकोस.

छोट्या

१२ फेब्रुवारी

छोट्या,

पत्र दोनदा नाही, सात-आठदा वाचलं. दुखतंय त्याला. बरं वाटलं. कुणाला वाईट वाटायचं असेल तर खुशाल वाटू दे, मला बरं वाटलं.

आता एक मागते. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आईच्या बांगड्यासुद्धा तुझ्या बायकोला दिल्या. शुक्रवारी सुई देऊ नकोस. भूल द्यायची नाही. दाढ काढ, कोर, फोड, तुमच्यात काय करतात ते कर, पण त्याला सगळं कळू दे.

ती औषधांच्या दुकानात कामाला लागली तेव्हा केवढा उपदेश केला होतास तू. चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, समोर कुणीही असो. "मामा म्हणतो नियम म्हणजे नियम," असं घरी येऊन तुझा आवाज काढून दाखवायची. त्याला तिने तेच सांगितलं. तो संध्याकाळी परत आला, ती एकटी असताना शटर ओढलं, बाहेरून कुलूप घातलं आणि फटीतून पेट्रोल ओतलं. चार गोळ्यांसाठी. तिला कुणी सुई दिली होती?

फाशी म्हणे दोन मिनिटांत होते. वर डॉक्टर उभा, त्रास होऊ नये म्हणून. ह्याला बरोबरीची शिक्षा म्हणतात? दाताला दात म्हणतात ना लोक. तू तर त्याच धंद्यात आहेस.

ताई

१६ फेब्रुवारी

ताई,

सुई दिली.

थापा मारणार नाही. तुझं पत्र खिशात घेऊन गेलो होतो. सुई भरून ट्रेमध्ये ठेवली आणि हातात नुसतं ड्रिल घेतलं. खुर्ची धरलेल्या शिपायाच्याही लक्षात आलं नसतं. पेशंटला वाटलं असतं, तुरुंगात अशीच पद्धत असेल. त्याने आपण होऊन तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं, आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. लहान मुलं घेतात तसे. माझा हात सुईकडे गेला. तीस वर्षांत तो आधी तिकडेच जातो. मला मोठेपणा नकोय, जे झालं ते सांगतोय.

दाढ उघडली, पू वाहून गेला. हे जर केलं नसतं तर काय झालं असतं ते ऐक. सूज गळ्यात उतरली असती, ताप चढला असता आणि पंधरा तारीख पुढे गेली असती. मग परत ताप, परत पुढे. तू म्हणतेस दुखू दे. ताई, जितकं दुखेल तितका तो जगेल. मी जितकं चांगलं काम करीन तितक्या वेळेवर तो मरेल. दोन रात्री मी हेच उलटंपालटं करून बघतोय, कुठूनच सुटत नाही.

अधीक्षक म्हणाले, उपटून टाका, कटकट मिटेल. मी म्हणालो, रूट कॅनालने दाढ राहील. ते माझ्याकडे बघतच बसले. पेशंटनेही विचारलं, "दाढ वाचेल ना डॉक्टर?" वाचणारा दात काढायचा नाही, एवढंच मला येतं. पुढच्या शुक्रवारी संपवतो.

छोट्या

१९ फेब्रुवारी

छोट्या,

तुझ्यावर आग पाखडायला बसले होते. दोन कागद फाडले.

दाढ वाचवतोयस. कुणासाठी? तीन आठवडे तो कुठे मेजवान्या झोडणार आहे? माझी अक्कलदाढ तू चहाला उकळी यायच्या आत उपटली होतीस, वर म्हणालास, "ताई, तुला असंही तिचं काम नव्हतं."

पण तुझं गणित कळलं. बरा कर मग. लवकर कर. ताप किती आहे? गोळ्या वेळेवर देतात का तिथले लोक, की सकाळच्या दुपारी? मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायला सांग. कोमट म्हणजे कोमट, नाहीतर हिरडी भाजेल. पोट रिकामं असताना गोळी देऊ नका म्हणावं.

हे लिहून झालं आणि मी थबकले. सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो, त्याचा ताप उतरला असेल का? लेकीला कांजिण्या आल्या होत्या त्यानंतर मी कुणाच्या तापाची एवढी काळजी केलेली नाही. आणि ती काळजी त्याला लटकवता यावं म्हणून. मला स्वतःचीच किळस आली. तरी विचारते. ताप किती आहे?

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

ताप नाही. सूज गेली. शुक्रवारी मुळं साफ करून भरली, वर सिमेंट लावलं. "संसर्ग बरा झाला" असं मी सही करून लिहून दिलं. तुरुंगाच्या डॉक्टरांनी ते पाहून फाशीसाठी प्रकृती ठीक असल्याचा कागद केला. पंधरा तारीख पक्की आहे. तुला हवं होतं ते झालं.

पण माझ्या हातून एक भलतंच घडलंय. हातून नाही, तोंडून.

काम संपलं. मी बेसिनपाशी हात धूत होतो, पाठ त्याच्याकडे. दिवसातून वीस पेशंटना जे सांगतो तेच सांगितलं. दोन दिवस त्या बाजूने चावू नका, कडक काही खाऊ नका आणि सहा महिन्यांनी दाखवा.

वळून पाहिलं तर तो खुर्चीत उठून बसला होता. म्हणाला, "सहा महिन्यांनी?" माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. मी म्हणालो, "हो, दाखवलेलं बरं." त्याने हात जोडले. शिपाई माझ्याकडे बघत राहिला. जिना उतरताना मला कळलं मी काय बोललो ते.

आज शिपाई दवाखान्यात आला, स्वतःची दाढ दाखवायला, पण खरं म्हणजे हे सांगायला. तो धरून चाललाय की वरून माफीचं काहीतरी आलंय, डॉक्टरांना कळलंय, म्हणून तर त्यांनी दाढ काढली नाही, वाचवली. भेटीला आलेल्या आईला त्याने तसं सांगितलं. म्हातारी दारावर विचारून गेली, थंडीसाठी स्वेटर विणला तर आत घेतील का, कुठल्या रंगाची लोकर चालते. तो दोन्ही वेळा पोटभर जेवतोय. डाव्या बाजूने चावत नाही.

तू म्हणाली होतीस सुई नको. मी सुई दिली आणि हे करून बसलो. सांगू का त्याला? की राहू दे? एवढे दिवस तरी सुखाचे जातील. अधीक्षक म्हणतात, "राहू दे हो. कैदी शांत आहे, आम्हालाही बरं."

छोट्या

२७ फेब्रुवारी

छोट्या,

पत्र वाचून मी मोठ्याने हसले. शेजारीण दार वाजवून विचारायला आली, काय झालं म्हणून. मी म्हणाले, न्याय झाला.

मग चहा ठेवला आणि तो उतू गेला.

तुला आठवतं का, त्या संध्याकाळी आग विझवल्यावर समोरचा चपलांचा दुकानदार मला काय म्हणाला? "ताई, घाबरू नका, पोरगी मागच्या दाराने निघाली असेल." चांगला माणूस. धीर द्यायला बोलला. मी घरी धावले, दार उघडं ठेवलं, तिचं ताट वाढलं. आत एक जळालेली बाई सापडली तेव्हाही मी म्हणाले, दुसरी कुणी असेल, गिऱ्हाईक असेल, माझी मागच्या दाराने गेली. तीन दिवस ताट वाढत होते. त्या दुकानाला मागचं दार नव्हतंच. मी शंभरदा तिथे गेलेली बाई, मला ते माहीत होतं. तरी तीन दिवस मी ते दार धरून बसले.

मग तू आलास. तिच्या दाढेत तूच चांदी भरली होतीस, ती तू जाऊन पाहिलीस आणि येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसलास. म्हणालास, "ताई, तीच आहे." त्या दिवशी तुला मी काय काय बोलले. पण दुसऱ्या कुणी नसतं सांगितलं. अजून दोन दिवस ताट वाढलं असतं मी.

माझ्या आयुष्यात आगीपेक्षा ते तीन दिवस वाईट गेले. हे कुणाला सांगितलेलं नाही, ऐकायला बरं दिसत नाही म्हणून.

आता तो तसा बसलाय. पोटभर जेवतोय. त्याची आई लोकरीचा रंग विचारतेय. मी सहा वर्षं बरोबरीची शिक्षा शोधत होते आणि ती तू हात धुता धुता देऊन बसलास. तंतोतंत माझ्या मापाची. आणि छोट्या, मला ती पाहवत नाही. त्याला होतंय म्हणून नाही. ती काय असते हे मला माहीत आहे म्हणून.

आपल्या घरातून कुणाला खोटं मागचं दार दाखवलं जायला नको. जा आणि त्याला खरं सांग. तू कोण आहेस तेही सांग. मला सांगितलंस तसं, समोर बसून. पत्र मिळेल त्याच दिवशी जा.

रंग कुठला चालतो?

ताई

३ मार्च

ताई,

राखाडी. दुसरा चालत नाही.

पत्र आलं तसा गेलो. आधी अधीक्षकांना नातं सांगितलं. ते टेबलावरची टाचणी फिरवू लागले. म्हणाले, "डॉक्टर, हे तुम्ही आज सांगताय? काम झालं, कागद गेला. मी हे ऐकलं की मला लिहावं लागेल, लिहिलं की तुम्हाला काढावं लागेल, आणि तीन वर्षांत इथे यायला तयार झालेले तुम्ही एकटे. तेव्हा मी ऐकलेलं नाही." तुझं पत्र दाखवू का, असं विचारलं. नको म्हणाले. मग म्हणाले, "दाखवा." वाचलं. परत देताना एवढंच बोलले, "फाशी नको असं मुलीच्या आईने स्वतः लिहून पाठवलं तर ते वर पाठवणं माझं काम आहे. अजून वेळ आहे. पुढचं मी सांगू शकत नाही." चष्मा पुसत बसले मग.

त्याला खुर्चीत बसवलं. मी समोर स्टूल घेतलं, मास्क काढला. म्हणालो, परवा मी बोललो ते सवयीने बोललो. वरून काही आलेलं नाही. तारीख तीच आहे. आणि मी त्या मुलीचा मामा.

मला वाटलं ओरडेल. शिपाई दोन पावलं पुढे आला होता. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता, तिच्यासारखं काही दिसतं का ते बघितल्यासारखा. मग विचारलं, "मग सुई का दिलीत?"

मी सगळी तयारी करून गेलो होतो, ह्याची नव्हती. म्हणालो, "तोंड उघडा. सिमेंट बघू दे."

उघडलं. सिमेंट व्यवस्थित बसलंय. तोंड मिटल्यावर म्हणाला, "आईला तुम्ही सांगू नका. मी सांगतो." शिपायाने पाणी दिलं, ते त्याने उजवीकडून प्यायलं.

छोट्या

६ मार्च

छोट्या,

अर्ज पाठवला. अधीक्षकांच्या नावाने, रजिस्टर. शेजारणीच्या सुनेने टाइप करून दिला. ती म्हणत होती, "मावशी, 'मोठ्या मनाने क्षमा करून' असं घालू का? छान दिसेल." मी म्हणाले, घातलंस तर तुझा कॉम्प्युटर फोडीन.

पहिली ओळ अशी आहे: मी त्याला माफ केलेलं नाही, करणार नाही. दुसरी: त्याला बाहेर सोडू नये. तिसरी: पण त्याला मारू नये. का, हे लिहायला जागा होती, अर्धं पान. शेवटी लिहिलं, बरोबरीचं काय असतं ते मी एकदा पाहिलं, मला परत पाहायचं नाही. सुनेला कळलं नाही. वर बसलेल्यांनाही कळणार नाही कदाचित. हसतील, कागद बाजूला ठेवतील आणि पंधरा तारखेला करायचं ते करतील. करू देत. माझ्या नावाने नको, एवढं मी लिहून दिलंय.

ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून हे वाचून दाखवलं. ते असते तर दोन दिवस जेवले नसते. लेक काय म्हणाली असती ते मला माहीत नाही. लोक म्हणतात, तिच्या आत्म्याला शांती मिळेल. तिने एका बाईसाठी दुकान उघडं ठेवून अर्धा तास वाट पाहिली होती, ती बाई चिठ्ठी विसरून आली म्हणून. एवढंच मला ठाऊक आहे.

सुई का दिली, ह्याचं उत्तर तुला नाही आलं. मला विचारलं असतं तर मलाही आलं नसतं. पण तू दिलीस ते बरं केलंस, हे आज लिहून ठेवते. उद्या मी शब्द फिरवीन, मला माझी खात्री नाही.

आता ऐक. पंधरा तारखेला काय झालं ते मला लिहू नकोस. पेपर मी बंद केलाय. कुणी सांगायला आलं तर दार लावून घेईन. तू पत्र पाठवायचं बंद कर, काही दिवस मला कुणाशी बोलायचं नाही. तो राहिला असेल तर सहा महिन्यांनी त्याची दाढ बघ. सांगून आलायस तर बघ. आणि ठीक असेल तर मला तेवढंच कळव. तो कसा आहे, काय म्हणाला, स्वेटर घातला होता का, यातलं अक्षर नको. दाढेचं फक्त.

पत्र आलंच नाही तर मी काय ते समजेन.

गुडघ्याला शेक देतेय.

ताई

२५ ऑगस्ट

ताई,

दाढ ठीक आहे.

छोट्या